धोबीतलावच्या कुडी

परमुलखात गेलेल्या मनुष्यास स्वधर्मीयांचा शेजार लाभला म्हणजे त्याचे बस्तान आपोआप बसते, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु इंग्रजी अमदानीत पोटासाठी मुंबईस आलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती मंडळींचा वृत्तान्त पाहू गेल्यास ती समजूत फार काळ टिकत नाही. पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात कारखानदारी नव्हती, शेतीवर सर्वांचा निर्वाह होत नव्हता, आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मीठ व अबकारी या बाबींवरही इंग्रज सरकारचा हात येऊन पडला; तेव्हा बार्देश-सासष्टीकडचे तरुण मुंबईची वाट धरून आगबोटींवर तारवटी म्हणजे खलाशी, साहेबांच्या घरी आचारी अथवा बटलर आणि बँडपथकांत वादक म्हणून राबू लागले.

येथे ख्रिस्ती वस्ती पूर्वापार होतीच. मुंबई, साष्टी आणि वसई या टापूतील हे मूळचे ख्रिस्ती मराठीचीच बोली बोलत. तथापि गोव्याहून आलेल्या धर्मबांधवांशी त्यांचे मेतकूट जमले, असे म्हणता येत नाही. नोकऱ्यांच्या चढाओढीत आपण पोर्तुगीज रयत नसून कंपनी सरकारच्या काळापासूनची इंग्रजांची प्रजा आहोत, हे ठसविण्यासाठी त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचा मुहूर्त साधून, त्या नावाची संस्थाही काढली. शिवाय चर्चेही दोन सत्तांत वाटलेली होती : काहींवर पाद्रोआदोचा, म्हणजे पोर्तुगालच्या राजसत्तेच्या धर्माश्रयाचा हक्क, तर काहींवर प्रोपागांदाचा, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार-मंडळाचा, आणि मुंबईतील ही दुहेरी हुकमत १९२८ पर्यंत चालली. श्रद्धा एक, प्रार्थना एक, आणि तरीही नवागताला पाय टेकावयास जागा मिळाली ती या व्यापक धर्मबंधुत्वात नव्हे, तर आपल्या गावच्या कुडीत.

धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत चाळीचा एखादा मजला किंवा दोन-चार खोल्या गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घ्याव्यात, त्यांस गावाचे अथवा गावच्या संताचे नाव द्यावे आणि दर्शनी भिंतीशी त्या संताची वेदी मांडावी, असा हा कुडीचा दस्तूर. भिंतीलगत सभासदांच्या पेट्यांची रांग, आणि रात्री त्या पेट्यांपुढेच अंथरूण. तारवटी महिनोन् महिने समुद्रावर असे, तेव्हा त्याचे सर्वस्व त्या पेटीत व पेटी कुडीत. बोटीवरून उतरल्यावर दुसरी बोट मिळेपर्यंतचा बेकारीचा काळही तो तेथेच अल्प भाड्यात काढी. संध्याकाळी वेदीपुढे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणण्यास हजर असलेच पाहिजे, हा कुडीचा कायदा होता. यात भक्ती किती आणि बंदोबस्त किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते बंदोबस्ताचा अंश लहान नव्हता, कारण बंदरावरच्या गुत्त्यांच्या वेळीच तरुण पोरांना माळ हाती घेऊन बसविण्याची याहून सुलभ युक्ती कोणत्याही कारभाऱ्यास सुचली नसती. वर्षातून एकदा गावच्या संताचे फेस्त म्हणजे सण येई, लादाईन ही सामूहिक प्रार्थना गाइली जाई, उकडलेले चणे वाटले जात, आणि कोणाला कोठे जागा रिकामी आहे याची खबर त्याच घोळक्यात फिरे. धर्मकृत्य आणि नोकरीचा वशिला यांमध्ये कोणी पडदा घातलेला नव्हता. त्याच सुमारास लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेले कोकणातले व घाटावरचे हिंदू कामगारही गाववार खोल्या करून राहत आणि भजनी मंडळांतून आपला गाव जागता ठेवीत, तेथेही हाच व्यवहार निराळ्या वाद्यांच्या साथीने चाले.

कुडीचा हा आधार मात्र सर्वांना सारखा नव्हता. बहुतेक कुडींत स्त्रियांना बिऱ्हाड करण्याची मुभा नव्हती. साहेबांची मुले सांभाळावयास आलेल्या आयांना आपला आसरा निराळा शोधावा लागे. आणि ज्या गावांत जातींची तेढ होती त्यांपैकी काहींनी मुंबईतही जातवार स्वतंत्र कुडी थाटल्या. संत एकच असे, वेद्या मात्र दोन. बामण आणि चाड्डे या गोमंतकीय ख्रिस्ती जातींमधला जुना मानापमान आगबोटीतून उतरून चाळीचा जिना चढला, त्याला ना पाद्रोआदोने अडविले ना प्रोपागांदाने.