डोळ्यातील बाहुली आणि रात्रपाळी

डोळ्याच्या मध्यभागी जे काळे छिद्र दिसते त्याला आपण बाहुली म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, तिच्यावरून हे नाव पडले असावे. संस्कृतातल्या ‘कनीनिका’ या शब्दाचा एक अर्थ लहान मुलगी असा आहे, आणि लॅटिनमधल्या ‘प्युपिला’चाही तोच. दूरदूरच्या लोकांना एकच उपमा सुचावी ही मौज खरीच; परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या बाहुलीच्या कामाविषयी. ते काम उमगावयास माणसाला हजारावर वर्षे लागली, आणि त्याचा धागा थेट रात्रपाळीच्या कामगारापर्यंत येऊन पोचतो.

उजेडात बाहुली आकसते, अंधारात फाकते. हे कोणीही आरशात पाहून घ्यावे. दहाव्या शतकाच्या आरंभी इराणातील वैद्य अल्‌-राझी याने हे नोंदवून ठेवले. पुढे 1751 साली स्कॉटलंडमधील रॉबर्ट व्हिट या डॉक्टराने एका मुलाची हकीकत लिहिली. त्या मुलाच्या मेंदूत पाणी झाले होते आणि त्याच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देईनाशा झाल्या होत्या. म्हणजे बाहुली आपल्या मनाने हलत नाही. डोळ्याने वर्दी द्यावयाची, मेंदूने हुकूम सोडावयाचा, तेव्हा ती हलते. आजही डॉक्टर बेशुद्ध माणसाच्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहतात ते याचसाठी.

आता थोडा हिशेब करू. बाहुलीचा व्यास लहानात लहान सुमारे 2 मिलिमीटर, मोठ्यात मोठा सुमारे 8. म्हणजे आत येणारा प्रकाश फार तर सोळा पटींनी कमीजास्त होणार. आणि भर दुपारचे ऊन व चांदण्यांचा उजेड यांत तर कोट्यवधी पटींचे अंतर! उरलेले सारे काम डोळ्याच्या आतले पटल करते. त्यात मंद उजेडासाठी दंडाच्या आकाराच्या पेशी आणि रंगांसाठी शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. संध्याकाळी तांबडे फूल काळपट पडते आणि निळे उठून दिसते, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने 1825 च्या सुमारास टिपले, त्याचाही उलगडा या दोन जातींच्या पेशींनी झाला. खाते पुरे झाले, असे विद्वानांना वाटले.

पण एक नोंद जुळत नव्हती. अमेरिकेत क्लाइड कीलर नावाच्या तरुणाला आंधळे उंदीर सापडले. त्यांच्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशी नव्हत्या. तरीही दिवा दाखविला की त्यांच्या बाहुल्या आकसत! 1927 साली त्याने हे छापून, डोळ्यात पाहण्याखेरीज प्रकाश ओळखण्याची आणखी काही सोय असावी, असा तर्क केला. त्याकडे कित्येक दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. भरलेल्या वहीत नवी ओळ घालावयास मुनीम राजी नसतो, तशातलेच हे.

1998 साली बेडकाच्या कातडीत ‘मेलॅनॉप्सिन’ नावाचे एक प्रकाशग्राही द्रव्य सापडले. दोनच वर्षांनी ते माणसाच्या डोळ्यातही आढळले. 2002 साली सिद्ध झाले की पटलातील काही थोड्या पेशी दंड-शंकूंच्या मदतीवाचून स्वतःच प्रकाश ओळखतात. त्यांना निळा प्रकाश सर्वांत अधिक भावतो. म्हणूनच प्रखर निळा दिवा विझविल्यावरही बाहुली काही वेळ आकसलेलीच राहते. तांबडा विझविला तर लवकर उघडते. 2007 साली दृष्टी गेलेल्या माणसातही निळ्या प्रकाशाने बाहुली हलताना दिसली.

या पेशी बाहुली आवरतात, इतकेच नव्हे तर मेंदूतील घड्याळाला दिवस आहे की रात्र याची खबर देतात. झोप, शरीराची उष्णता, अंतःस्राव ही सारी त्या घड्याळावर चालतात. आमच्या कामगार संघटनेत रात्रपाळीचे सभासद तीस वर्षे एकच गाऱ्हाणे सांगत आले आहेत: दिवसा झोप लागत नाही. साहेबांचे ठरलेले उत्तर, ‘सवय होईल’. पण रात्रभर दिव्यांखाली राबून सकाळच्या उन्हातून घरी जाणाऱ्या माणसाचे डोळे मेंदूला ‘दिवस उजाडला’ असेच बजावत असतात. त्यात सवयीचा काय इलाज!

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. पूर्वी गिरणी सूर्याबरोबर चाले. 1905 च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्याच वर्षी कामगार खवळून उठले. चौकश्या झाल्या, आणि अखेर 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. भांडण तासांचे होते. दिव्याने शरीरावर काय होते, हे विचारणारे कोणी नव्हते.

ते विचारले गेले ते आता. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडविणारी रात्रपाळी ही ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविली, आणि 2019 साली तोच निर्णय कायम केला. तेव्हा करार करताना रात्रपाळीचा भत्ता मागून आम्ही थांबत नाही. पाळ्या कोणत्या क्रमाने फिरवणार, दोन रात्रपाळ्यांनंतर विसावा किती, दिवे कोणत्या रंगाचे, हेही मांडतो. दिव्यांची गोष्ट निघाली की पलीकडचे हसतात.

1948 च्या कारखाना कायद्यात उजेडाचे एक स्वतंत्र कलम घातले गेले. काम चालते तेथे पुरेसा व योग्य प्रकाश असावा, डोळे दिपू नयेत, डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या पडू नयेत. कलम चांगले होते. ते लिहिणाऱ्यांपुढे केवळ पाहणारा डोळा होता. कीलरचे उंदीर छापून आले त्याला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.