चित्राची वाट व ध्वनीची वाट

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईंत झळकला, तेव्हां संकलनाला मूक चित्रांची एकच फीत असे. ती हवी तेथें कापावी व जोडावी, एवढेंच काम.

१९३१ सालीं आर्देशिर इराणी यांच्या ‘आलम आरा’पासून हिंदी चित्रपट बोलूं लागला, आणि अडचण उभी राहिली. तेथें चित्र व ध्वनि एकाच फितीवर उमटत. प्रक्षेपकांत चित्राची खिडकी व ध्वनि वाचणारा दिवा निरनिराळ्या जागीं असतात. म्हणून प्रदर्शनाच्या फितीवर एखाद्या क्षणाचा ध्वनि त्याच्या चित्रापासून सुमारें २० चौकटी पुढें असतो. चित्र कापावें तर शब्द तुटे! यावर उपाय म्हणून ध्वनीला स्वतंत्र फीत मिळाली. पुढें संवाद, संगीत व इतर आवाज यांच्या फितीही निराळ्या झाल्या, आणि संकलक त्या टेबलावर शेजारीं शेजारीं चालवून जुळवूं लागला.

१९८९ सालीं अमेरिकेंतील ॲव्हिड कंपनीनें संगणकावरील संकलनव्यवस्था लोकांपुढें मांडली. आज नांदेड वा लातूरच्या संकलकालाही याच फिती पडद्यावर आडव्या पट्ट्यांच्या रूपानें दिसतात: मधल्या रेषेच्या वर चित्राच्या, खालीं ध्वनीच्या. टेबल गेलें, जागेचा प्रश्न मात्र राहिला. रेषा खालीं ओढली कीं चित्राला जागा मिळते, पण ध्वनीच्या पट्ट्या झांकल्या जातात. म्हणून ज्या पट्टीचें काम चालू असेल तिची उंची वाढवावी, बाकीच्या आंखडून ठेवाव्या. पण शेवटीं प्रत्येक पट्टी एकदां उघडून पाहावी. झांकलेल्या पट्टीवर सरकलेला शब्द संकलकाच्या डोळ्यांना दिसत नाहीं. प्रेक्षकाच्या कानाला मात्र तो तात्काळ खटकतो.