दस्तकाची सावली

आमच्या परिचयातील एका कुटुंबातील तरुणाने परवा मला एक प्रश्न विचारला. आखातात नोकरीला असलेल्या मावशीकडून मनगटी घड्याळे आणि पर्स मागवाव्यात आणि येथे ओळखीपाळखीत विकाव्यात, असा त्याचा बेत आहे. भांडवल जेमतेम. ‘‘काका, खोक्यावर ‘भेटवस्तू’ असे लिहिले की कस्टमची ड्युटी लागत नाही ना?’’ मी नाही म्हटले, आणि का नाही हे सांगता सांगता अडीचशे वर्षांपूर्वीच्या बंगालमध्ये जाऊन पोहोचलो. त्याला ते जरा लांबचे वाटले असावे. चहा मात्र त्याने दोनदा घेतला.

दस्तक हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. कान्होजी आंग्र्यांचे दस्तक घेतल्यावाचून व्यापारी गलबताने कोकणचा किनारा ओलांडू नये, असा त्यांचा दंडक होता. त्याही आधी पोर्तुगीजांचे ‘कार्ताझ’ होते. १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती आली, तेव्हा या समुद्रात कार्ताझ नसलेले जहाज पकडले जाई. या परवान्याचे स्वतःचे शुल्क फार नसे. जहाजाने पोर्तुगीजांच्या बंदरात येऊन जकात भरावी, हा त्यामागचा खरा हेतू. बंगालचे दस्तक मात्र उलट्या जातीचे होते. ते जकात भरायला लावणारे नव्हते, जकातीतून सोडवणारे होते.

मोगल बादशहा फर्रुखसियरने १७१७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. वर्षाला तीन हजार रुपये भरले की कंपनीच्या आयात-निर्यातीच्या मालावर बंगालमध्ये जकात नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या सहीचे दस्तक चौकीवर दाखवले की नाव पुढे सुटे. सवलत कंपनीच्या मालाला होती, कंपनीच्या नोकरांना नव्हती. परंतु कंपनीच्या नवख्या कारकुनाला वर्षाकाठी पाच पौंड पगार असे, आणि एवढ्यासाठी सात समुद्र ओलांडून कोणी येत नाही. प्रत्येकाचा स्वतःचा खासगी व्यापार होता. कंपनीच्या दस्तकाखाली हळूहळू हा खासगी मालही जाऊ लागला. पुढे तर पैसे घेऊन हे कागद देशी व्यापाऱ्यांनाही विकले जाऊ लागले.

१७५७ च्या प्लासीनंतर लाज उरली नाही. मीठ, सुपारी, तंबाखू हा तर गावोगावच्या बाजाराचा, परदेशाशी संबंध नसलेला व्यापार. त्यातही गोरे साहेब आणि त्यांचे गुमास्ते शिरले. आता त्या काळच्या एखाद्या लहान व्यापाऱ्याची कल्पना करा. त्याने घाऊक बाजारात मीठ घेतले आहे, नाव भाड्याची आहे, आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीवर त्याला जकात द्यायची आहे. शेजारच्या नावेत तेच मीठ आहे, पण तिच्यावर कंपनीचे निशाण आणि गुमास्त्याच्या हातात दस्तक. हाटात दोघेही एकाच दिवशी पोहोचतात. जकातीचा दर जड असता तरी आमच्या माणसाने तो किमतीत धरून निभावून नेला असता, कारण सर्वांनाच तो सारखा लागला असता. शेजारच्याला ती लागतच नाही, याला मात्र त्याच्याकडे उपाय नव्हता.

नवाब मीर कासिमने १७६२ मध्ये याची तक्रार कंपनीकडे केली. हे लोक रयतेचा माल चौथाई किमतीत ओढून नेतात आणि रुपयाच्या जिनसेचे पाच रुपये वसूल करतात, असे त्याचे म्हणणे होते. गव्हर्नर व्हॅन्सिटार्टने त्याला मुंगेर येथे भेटून तडजोड केली. खासगी व्यापारावर इंग्रजांनी नऊ टक्के जकात भरावी, असे ठरले. देशी व्यापाऱ्याच्या मानाने ही रक्कम कमीच होती. तरीही कलकत्त्याच्या कौन्सिलने करार फेटाळला. फक्त मिठावर अडीच टक्के देऊ, बाकी काही नाही! कौन्सिलमध्ये गव्हर्नरच्या बाजूने उभा राहिलेला एक तरुण सभासद होता, वॉरन हेस्टिंग्ज.

मग मीर कासिमने जे केले, त्याचे मला नेहमी नवल वाटते. १७६३ मध्ये त्याने आपल्या राज्यातील सगळी जकातच उठवली. इंग्रज भरत नाहीत ना, मग कोणीच भरू नका. स्वतःच्या खजिन्यावर त्याने पाणी सोडले. कौन्सिलला याचा आनंद व्हायला हवा होता, कारण त्यांच्यावर तर काहीच नवा बोजा पडला नव्हता. पण ते खवळले. देशी व्यापाऱ्यांवर जकात पुन्हा बसवा, असा त्यांनी आग्रह धरला! त्यांना हवी होती ती करमुक्ती नव्हे, दुसऱ्याने भरावा आणि आपण सुटावे ही स्थिती. त्याच वर्षी लढाई पेटली आणि १७६४ च्या ऑक्टोबरात बक्सरला तिचा निकाल लागला. मीर कासिम देशोधडीला लागला. दस्तकाची पद्धत मात्र पुढे त्याच हेस्टिंग्जने, गव्हर्नर झाल्यावर, बंद केली आणि बहुतेक मालावर सर्वांना सारखी अडीच टक्के जकात लावली.

खोक्यावर खोटेच ‘भेटवस्तू’ लिहिणे म्हणजे घरगुती दस्तकच, असे मी त्या मुलाला म्हटले. शिवाय टपालाने व कुरिअरने येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या खऱ्या भेटींना जी सूट होती, तीही डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता काढून घेण्यात आली. विक्रीसाठी माल आणायचा, तर आधी आयात-निर्यात कोड हवा.

मग आम्ही वहीत आकडे मांडले. समजा, वाहतूक व विमा धरून माल दहा हजारांचा आहे आणि मूळ सीमाशुल्क वीस टक्के आहे. म्हणजे दोन हजार. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, दोनशे. या १२,२०० वर जीएसटी अठरा टक्के धरला, तर २,१९६. एकूण ४,३९६ रुपये, आणि तेही पहिले घड्याळ विकले जाण्याआधी. जीएसटीची नियमित नोंदणी असेल, तर २,१९६ पुढच्या करातून वळते होतात. नसेल, तर तेही मालाच्या किमतीत जातात. उरलेले २,२०० तर कोणत्याही स्थितीत परत येत नाहीत.

वही पाहून तो बराच वेळ गप्प होता. घड्याळांत फारसे सुटत नाही, पर्सचे पुन्हा पाहू, असे म्हणाला. मग मावशीला फोन लावला आणि दुकानाचे मूळ बिल जपून ठेवायला सांगितले.