विंटेज की रीइश्यू? सेमी-हॉलो गिटार आणि मागच्या रांगेचा प्रश्न

नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेलं 'म्हणजे काय की' तेवढं कमी केलंय, बाकी सगळं बोललो तसंच.

आजचा प्रश्न साधा आहे. बजेट ४०-५० हजार, सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, राहायला मंचर, नारायणगाव नाहीतर ओतूर. जुनी, म्हणजे 'विंटेज' शोधायची, की जुन्यासारखी नवी, म्हणजे 'रीइश्यू' घ्यायची? उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते पटणार नाही. ही गिटार कुठल्या अडचणीतून जन्माला आली हे कळलं, की दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं. म्हणून आधी इतिहास, मग खरेदी.

पोकळीचा फायदा, पोकळीचा त्रास

तुणतुणं डोळ्यासमोर आणा. एक पोकळ नळकांडं, खाली कातडं, बाजूला काठी आणि एकच तार. तार बारीक, पण पोकळीमुळे तिचा आवाज फुगतो. गिटारचंही तेच. पण १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे गिटार ऐकूच जाईना. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० आणली. ईएस म्हणजे 'इलेक्ट्रिक स्पॅनिश'. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती हवाईयन, छातीशी धरून वाजवायची ती स्पॅनिश. चार्ली ख्रिश्चनने याच गिटारवर दाखवून दिलं की गिटारवालाही पुढे येऊन सोलो वाजवू शकतो.

आता त्रास. गावच्या कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर गेला की 'कुईंऽऽ' होतं ना? पोकळ गिटारला तेच होतं. स्पीकरच्या आवाजाने गिटारची पोकळी थरथरते, तिच्याबरोबर तार थरथरते, पिकअप ते उचलून पुन्हा स्पीकरला देतो. चक्र सुरू. आवाज वाढवा, गिटार घुमायला लागते. याला फीडबॅक म्हणतात.

लेस पॉल नावाच्या गिटारवादकाने १९४०च्या सुमारास यावर सरळ उपाय केला. चार बाय चार इंचाच्या लाकडी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले, आणि दिसायला गिटारसारखी दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारचे कापलेले अर्धे भाग लावले. नावच पडलं 'लॉग', म्हणजे ओंडका. पुढे १९५० मध्ये फेंडरने आणि १९५२ मध्ये गिब्सनने पूर्ण भरीव गिटार बाजारात आणल्या. घुमणं थांबलं, पण पोकळ गिटारचा तो मऊ, श्वास घेतल्यासारखा आवाज काहींना हवाच होता.

मग १९५८ साल. टेड मॅकार्टी गिब्सनचे प्रमुख होते. कंपनीने ईएस-३३५ काढली: बाजू पोकळ, वर व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं, आणि मधोमध मेपल लाकडाचा भरीव ठोकळा. जाडी जेमतेम पावणेदोन इंच. पिकअप आणि ब्रिज ठोकळ्यावर बसतात, म्हणून घुमणं आटोक्यात. बाजू पोकळ, म्हणून आवाजात हवा. हीच सेमी-हॉलो. किंमत होती २६७.५० डॉलर.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या गिटारचा वरचा आणि मागचा पत्रा अखंड लाकडाचा नव्हता, थरांचा होता. सरळ सांगायचं तर प्लायवूड. आज लाखोंना विकल्या जाणाऱ्या १९५८ च्या गिटारही प्लायवूडच्याच आहेत. म्हणून स्वस्त सेमी-हॉलो बघून कुणी 'अरे, ही तर प्लायवूडची' म्हणालं, तर हसून सोडून द्या.

नारायणगाव काय विचारतं

आता आपल्याकडे या. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटी येते, फडमालकांशी बोलणी होतात, सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. त्यांच्या काळापासून आजपर्यंत फडाच्या सामानात खूप बदल झाला. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज होतीच. आता मोठ्या फडांच्या ट्रकमध्ये कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि स्पीकरच्या भिंती असतात. 'खरा तमाशा राहिला नाही' असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं दुःख खोटं नाही. पण फडाचा प्रश्न वेगळा असतो: कनातीच्या मागच्या रांगेत बसलेल्याला ऐकू जातं का?

१९५८ मध्ये गिब्सनसमोर हाच प्रश्न होता. ईएस-३३५ शोकेसमध्ये ठेवायला बनली नव्हती. मोठ्या आवाजात रोज पोट भरणाऱ्या वादकासाठी काढलेली ती एक तडजोड होती. म्हणून ती निवडताना कसोटीही तीच लावायची. यात्रा, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, पुण्यातला कॅफे, कॉलेजचं गॅदरिंग, तुम्ही जिथे वाजवणार तिथे ती चालते का?

विंटेज म्हणजे नेमकं कोणतं साल?

'जुनं ते सोनं' हे इथे अर्धंच खरं आहे. संग्राहक ज्यांच्या मागे धावतात त्या गिटार साधारण १९५८ ते १९६४ च्या. त्यांतल्या सुरुवातीच्या गिटारवर सेथ लव्हर यांनी बनवलेले, 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर असलेले पिकअप असतात. एरिक क्लॅप्टनची १९६४ ची ईएस-३३५ ही २००४ च्या लिलावात ८,४७,५०० डॉलरना गेली. आपल्या बजेटचा आणि या गल्लीचा काही संबंध नाही.

गंमत पुढे आहे. १९६५ च्या सुमारास कंपनीने नेक अरुंद केली, नटजवळची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० वर आली. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण जाड बोटांना कॉर्ड धरताना लगेच जाणवतात. ठोकळ्यावर घट्ट बसणारा टेलपीस काढून झोक्यासारखा लोंबता टेलपीस आला. सत्तरच्या दशकात काही वर्षं ठोकळाही आखूड केला. वादक कुरकुरत राहिले, आणि १९८१ मध्ये गिब्सनने जुन्या ठिपक्यांच्या रूपातली ईएस-३३५ पुन्हा आणली. रीइश्यू म्हणजे काय, तर कंपनीने स्वतःच दिलेली कबुली: मधल्या काळात आम्ही भलतीकडे गेलो होतो.

म्हणजे बघा, १९७५ ची गिटार १९८५ च्या रीइश्यूपेक्षा दहा वर्षांनी जुनी, पण अनेक वादक हातात घेतील ती १९८५ ची. 'जुनी' आणि 'जुन्या चांगल्या नमुन्याची' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारा 'विंटेज' म्हणाला की पहिला प्रश्न: कोणत्या सालची, कोणत्या कारखान्याची?

आपल्या बजेटच्या जवळपासचं जुनं म्हणजे जपान आणि कोरिया. एपिफोन ही मूळ न्यूयॉर्कची कंपनी, १९५७ मध्ये गिब्सनने विकत घेतली. १९७० पासून एपिफोन जपानमध्ये बनू लागल्या, १९८०च्या दशकात कोरियात, आणि २००४ पासून चीनमधल्या चिंगदाओच्या कारखान्यात. आयबनेझने गिब्सनची इतकी हुबेहूब नक्कल केली की १९७७ मध्ये हेडस्टॉकच्या आकारावरून अमेरिकेत खटला झाला. मग आयबनेझने स्वतःची डिझाइन्स आणली, आणि त्यांची एएस-२०० तर जॉन स्कोफिल्डसारख्या जॅझवाल्याने आयुष्यभराची सोबतीण केली. नवीन घ्यायचं तर २००२ पासूनची आयबनेझ आर्टकोर मालिका, एपिफोनची डॉट (१९९७ पासून; २०२० मध्ये तिची जागा एपिफोनच्याच ईएस-३३५ ने घेतली), किंवा ग्रेच स्ट्रीमलायनरमधली मध्ये ठोकळा असलेली मॉडेल्स.

भारतात १९९१ पर्यंत आयात परवाने आणि जकात यांमुळे साठच्या दशकातल्या अमेरिकन गिटार फार थोड्या आल्या. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सेकंडहँड बाजारात कुणी स्वस्तात 'ओरिजिनल सिक्स्टीज' देत असेल, तर आनंदाआधी शंका यायला हवी. आणि नाव नीट वाचा. कोलकात्याची 'गिवसन' आणि अमेरिकेची 'गिब्सन' यांत एकाच अक्षराचा फरक आहे.

खोड आणि पुड्या

निवडीसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटणारी शहाणपणाची गोष्ट ढोलकीवाल्यांकडे आहे. ढोलकीत खोड आणि पुड्या असतात. पुडी झिजते, फाटते, शाई उडते, ती बदलतात. खोड चांगलं असेल तर ते वर्षानुवर्षं चालतं. जुनी ढोलकी घेताना कुणी पुडीकडे बघून भाव ठरवत नाही. खोडाला तडा आहे का, ते बघतात.

गिटारचं खोड म्हणजे नेक, नेकचा सांधा, मधला ठोकळा आणि बॉडीची जोडणी. पुड्या म्हणजे तारा, ट्यूनर, नट, पिकअप, पॉट, स्विच. खोड बिघडलं तर दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडू शकते. पुड्या बदलता येतात.

पण इथे एक मेख आहे. भरीव गिटारला मागे झाकण असतं, ते उघडून वायरिंग करता येतं. बहुतेक सेमी-हॉलोला असं झाकण नसतं. पॉट बदलायचा तर सगळं वायरिंग एफ-छिद्रातून बाहेर ओढायचं आणि दोरा बांधून पुन्हा आत जागेवर न्यायचं. म्हणजे २०० रुपयांच्या पॉटला मजुरी त्याच्या कितीतरी पट. 'स्विच थोडा खरखरतो, बाकी काही नाही' असं विकणारा म्हणाला, तर ते 'थोडा' किमतीतून वजा करून घ्या.

दुकानात काय करायचं

फोनचा टॉर्च लावा आणि एफ-छिद्रातून आत बघा. मधला ठोकळा दिसतो का? कारण बाहेरून अगदी ३३५ सारखी दिसणारी एपिफोन कसिनो आतून पूर्ण पोकळ आहे. बीटल्सनी वाजवलेली ती हीच. सुंदर गिटार, पण मोठ्या आवाजात घुमणार.

मग हेडस्टॉकच्या मागे, नट जिथे संपतो तिथे टॉर्च धरा. या प्रकारच्या गिटार पडल्या की तिथेच मोडतात. बारीक तडा असेल तर सोडून द्या. जाणकाराने नीट जोडलेली असेल, तर मात्र ती बजेटवाल्यासाठी संधी आहे: संग्राहक पाठ फिरवतात, भाव कोसळतो, आणि वाजायला ती तशीच वाजते.

नेकच्या कडेवरून बोट फिरवा. जुन्नर-आंबेगावचं हवामान दोन टोकांचं आहे, पश्चिमेला भीमाशंकर-माळशेजचा पाऊस आणि पूर्वेला एप्रिलचा कोरडा रखरखाट. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात. ते घासून नीट होतं. वाकलेली नेक ट्रस रॉडने सरळ होत नसेल, तर तिथेच नमस्कार.

आता अॅम्पला जोडा, आवाज चढवा आणि अॅम्पकडे तोंड करून उभे राहा. गिटार जाड आवाजात 'हूंऽऽ' करत एखादा सूर धरत असेल, तर तो पोकळीचा स्वभाव आहे, हाताने आटोक्यात येतो. बारीक 'चीं' अशी किंकाळी आली, तर पिकअपची गुंडाळी सैल आहे. आणि गंमत म्हणजे जुने मूळ पिकअप मेणात बुडवलेले नसायचे. म्हणून काही महागड्या रीइश्यूमध्येही 'अस्सलपणा' म्हणून ते तसेच ठेवतात. म्हणजे खोडसुद्धा नवं आणि खोडीसुद्धा जुनीच! यात्रेच्या स्टेजवर मेणात बुडवलेला साधा पिकअप बरा.

शेवटी हम. खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत, कारण रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा हवी होती. यात्रेच्या स्टेजवर बरोबर उलटं: जनरेटर, डिमर, लायटिंग, लांबलचक केबल. एका गुंडाळीचा पिकअप तिथे सतत गुणगुणतो. हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलट-सुलट जोडलेल्या असतात, बाहेरचा गोंगाट दोघींत शिरतो आणि एकमेकांना खोडतो. स्टेजवर वाजवणार असाल तर हंबकरच घ्या.

आणि अमेरिकेतल्या दादाकडून खरी जुनी गिटार मागवायचा बेत असेल तर एक सूचना. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच गिटारचा फिंगरबोर्ड ब्राझिलियन शिसवीचा असतो. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक निर्बंध आहेत, त्यामुळे सीमा ओलांडायला कागदपत्रं लागू शकतात. आपल्या सह्याद्रीत वाढते त्या भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून या आंतरराष्ट्रीय नियमातून सूट आहे.

मग काय घ्यायचं?

ही तुमची पहिली सेमी-हॉलो असेल, आणि तिच्यावर सुपाऱ्या वाजवायच्या असतील, तर नवी रीइश्यू वर्गातली घ्या: मध्ये ठोकळा, दोन हंबकर, रुंद नट. दोन-तीन हजार चांगल्या सेटअपसाठी बाजूला ठेवा, आणि पोकळ बॉडीला हार्ड केस घ्याच, टेम्पोमध्ये ढोलकीच्या पेटीखाली गेली तर संपलं. जाणकार मित्र सोबत असेल आणि खोड धडधाकट असलेली जुनी कोरियन किंवा जपानी गिटार समोर आली, तर ती घ्या. पण ती खोडासाठी घ्या, सालासाठी नाही.

जुन्या वाद्याबद्दल आदर असावाच. पण जुन्या वाद्याने त्याच्या काळात जे काम केलं, ते तुमच्याकडच्या वाद्याने आज करावं, हा आदर मला जास्त खरा वाटतो. १९५८ ची ती गिटार त्या दिवशी नवीच होती, प्लायवूडची होती आणि मागच्या रांगेला ऐकू जावी म्हणून बनली होती. तुमचीही मागच्या रांगेला ऐकू जाऊ द्या.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाजवत राहा.