विजयाचा कैफ

इंग्लंडांत फूटबॉल आणि दंगा यांची सोयरीक फार जुनी. १३१४ सालीं, दुसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत, लंडनच्या नगराध्यक्षानें या खेळाच्या गलबल्यास कंटाळून शहरांत त्यास बंदी केली व हुकूम मोडणारास तुरुंगाची भीति घातली. खेळ कांहीं थांबला नाहीं! पुढें त्यांत मद्याची भर पडली. १९८० सालीं ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर रेंजर्स व सेल्टिक यांचे पाठीराखे मैदानांतच हातघाईवर आले, तेव्हां स्कॉटलंडांत क्रीडांगणावरील दारूस कायद्यानें आळा बसला; इंग्लंडांत असा कायदा १९८५ सालीं झाला. परंतु त्याची सत्ता मैदान व तिकडे जाणारीं वाहनें एवढ्यापुरतीच.

७ जुलै २०१८ रोजीं विश्वचषकाचा सामना होता रशियांत, समारा येथें. इंग्लंडनें स्वीडनला २–० असें हरविलें, आणि धुमाकूळ झाला लंडनांत. पडद्यापुढें जमलेल्यांनीं बीयरचे पेले हवेंत उधळले, तेथवर ठीक. लंडन ब्रिजजवळ मात्र बेभान झालेले लोक रुग्णसेवेच्या मोटारीवर चढून नाचले. मोटार निकामी झाली. त्या घटकेस एखाद्या रोग्याचा जीव तिच्यावाचून कासावीस झाला असता, तर? दुरुस्तीसाठीं वर्गणी गोळा केली तीहि फूटबॉलच्याच शौकिनांनीं, आणि त्यांत पुढें होते दांडगाईबद्दल बदलौकिक असलेले मिलवॉलचे पाठीराखे.