लुफ्तवाफेच्या रेडिओ शलाका संकेतांची उकल

लुफ्तवाफेच्या रेडिओ शलाका संकेतांची उकल ही दुसऱ्या महायुद्धात १९४०-४१ दरम्यान ब्रिटनने केलेली वैज्ञानिक-गुप्तहेरी मोहीम होती. जर्मन बॉम्बफेकी विमाने रात्रीच्या अंधारात लक्ष्य शोधण्यासाठी ज्या रेडिओ शलाका वापरत, त्यांची सांकेतिक नावे, कंपनसंख्या आणि दिशा ओळखून त्या निष्प्रभ करणे हा तिचा उद्देश होता. या संघर्षाला इंग्रजीत ‘बॅटल ऑफ द बीम्स’ असे नाव पडले. हवाई मंत्रालयातील तरुण भौतिकशास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स हे त्यातील प्रमुख व्यक्ती होते.

क्निकेबाइन

५ जून १९४० रोजी पाठवलेला एनिग्मा यंत्रावरील एक जर्मन संदेश ब्लेचली पार्क येथे उलगडण्यात आला. क्लेव्ह येथील ‘क्निकेबाइन’ ५३ अंश २४ मिनिटे उत्तर आणि १ अंश पश्चिम या बिंदूवर रोखले आहे, एवढाच त्याचा आशय होता. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘वाकडा पाय’. क्लेव्ह हे जर्मनीच्या पश्चिम सीमेवरील गाव, तर दिलेला बिंदू इंग्लंडच्या मध्यभागी. त्यामुळे ही दिशादर्शक शलाका असावी, असे अनुमान जोन्स यांनी काढले.

शलाका पकडणारा ग्राहक मात्र पाडलेल्या विमानांत सापडत नव्हता. कितीही शोधले तरी तो इंग्रजांना मिळणार नाही, असे एक युद्धकैदी दुसऱ्याला सांगत असल्याचे चोरून ऐकलेल्या संभाषणातून कळले. याचा अर्थ तो डोळ्यांसमोरच असला पाहिजे. अंधारात उतरण्यासाठी बसवलेला लोरेन्झ ग्राहक तपासला असता तो त्या कामासाठी लागतो त्याहून कितीतरी अधिक संवेदनशील निघाला.

लोरेन्झ पद्धतीचे तत्त्व साधे आहे. किंचित वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या दोन शलाकांपैकी एकीवर टिंबे आणि दुसरीवर रेघा पाठवल्या जातात. दोन्ही एकमेकींवर पडतात त्या अरुंद पट्ट्यात वैमानिकाला अखंड सूर ऐकू येतो. मार्ग सोडताच टिंबे किंवा रेघा वरचढ होतात. दुसरी शलाका या मार्गाला जेथे छेदते, तेथे बॉम्ब टाकायचे.

२१ जून १९४० रोजी चर्चिल यांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत २८ वर्षांच्या जोन्स यांनी हा निष्कर्ष मांडला. इतक्या आखूड लहरी पृथ्वीच्या वक्रतेमागे पोहोचणार नाहीत, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. त्याच रात्री एका अॅन्सन विमानाने स्पॉल्डिंगच्या दक्षिणेस ३१.५ मेगाहर्ट्झवरील, सुमारे ४०० ते ५०० यार्ड रुंदीची शलाका पकडली आणि वाद संपला. ब्रिटिशांनी क्निकेबाइनला ‘हेडेक’ (डोकेदुखी) आणि त्यावरील उपायाला ‘अॅस्पिरिन’ अशी नावे दिली. सुरुवातीला रुग्णालयांतील विद्युत उपचार यंत्रेसुद्धा शलाकांत गोंधळ माजवण्यासाठी वापरली गेली. हे काम एडवर्ड अॅडिसन यांच्या नेतृत्वाखालील ८० व्या विंगकडे सोपवण्यात आले.

हल्ल्यांविषयीची बरीचशी माहिती कमी दर्जाच्या कूटांतूनही मिळत असे. विमाने आपल्या तळांशी मोर्स संकेतांत बोलत, आणि चीडल येथील श्रवणकेंद्र ते टिपून घेत असे. संदेशातील मजकुराइतकेच हाकसंकेतही मोलाचे ठरत. त्यांवरून कोणते पथक उडाले आहे हे कळे.

एक्स-गेरेट आणि कॉव्हेंट्री

‘काम्पग्रुपं १००’ हे विशेष पथक अधिक अचूक अशी ‘एक्स-गेरेट’ पद्धत वापरीत असे. तिच्या शलाकांना नद्यांची नावे होती. वेझर या मुख्य शलाकेवरून उडताना विमान ऱ्हाइन, ओडर आणि एल्बे या आडव्या शलाका क्रमाने ओलांडे. शेवटच्या दोहोंमधील अंतर ठाऊक असल्याने ते कापण्यास लागलेल्या वेळेवरून विशेष घड्याळ विमानाचा जमिनीसापेक्ष वेग धरून घेई आणि योग्य क्षणी बॉम्ब आपोआप सुटत.

या पथकाचे शलाका केंद्रांशी चालणारे एनिग्मा संदेश ब्लेचलीत ‘ब्राउन’ या नावाने ओळखले जात. सप्टेंबर १९४० मध्ये ते उलगडू लागले, परंतु दररोज वेळेत नव्हे. ११ नोव्हेंबरला उलगडलेल्या एका संदेशात ‘माँडशाइनझोनाटं’ (चांदण्यातील सोनाटा) या मोठ्या हल्ल्याचा उल्लेख होता. लक्ष्यासाठीच्या ‘कोर्न’ या शब्दाचा अर्थ कॉव्हेंट्री आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. १४ नोव्हेंबरच्या रात्री त्या शहरात ५०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

त्या रात्रीचे अपयश निव्वळ कूटाचे नव्हते. ६ नोव्हेंबरला वेस्ट बेजवळ समुद्रात उतरलेल्या हाइंकेल १११ विमानातून एक्स-गेरेटचा ग्राहक हाती लागला होता. जोन्स यांच्या सांगण्याप्रमाणे, त्यातील गाळणी २००० हर्ट्झच्या सुरासाठी होती, तर ब्रिटिश अडथळा यंत्रे १५०० हर्ट्झवर चालत होती. कंपनसंख्या बरोबर असूनही गाळणीने तो सूर बाहेरच अडवला. ही तफावत नंतर दूर करण्यात आली.

कूटभेदाचे रहस्य जपण्यासाठी चर्चिल यांनी कॉव्हेंट्रीचा बळी दिला, हा आरोप एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम यांच्या १९७४ मधील ‘द अल्ट्रा सीक्रेट’ या पुस्तकामुळे पसरला. बहुतेक इतिहासकार तो अमान्य करतात. संदेशात शहराचे नावच नसल्यामुळे त्याचा पायाच डळमळीत आहे.

वाय-गेरेट

‘वोटान’ हे नाव कानी आल्यावर जोन्स यांनी ब्लेचलीतील जर्मन भाषेचे प्राध्यापक फ्रेडरिक नॉर्मन यांना विचारले. वोटान हा एकाक्ष देव. म्हणून ही पद्धत एकाच शलाकेवर चालत असावी, असा तर्क झाला. १९३९ च्या ‘ऑस्लो अहवाला’त अंतर मोजण्याच्या अशाच पद्धतीचे वर्णन होतेच. तर्काचे उत्तर बरोबर आले, तरी आधार डळमळीत होता, कारण अनेक शलाकांच्या एक्स-गेरेटचे नावही ‘वोटान १’ असेच होते.

वाय-गेरेटमध्ये विमान जमिनीवरून आलेला संकेत परत पाठवी आणि लागलेल्या वेळेवरून त्याचे अंतर मोजले जाई. ब्रिटिशांनी बीबीसीच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथील बंद पडलेल्या दूरचित्रवाणी प्रक्षेपकावरून तोच संकेत पुन्हा सोडून मोजमाप बिघडवले. या उपायाचे सांकेतिक नाव ‘डॉमिनो’ होते. मे १९४१ नंतर सोव्हिएत संघावरील स्वारीसाठी बहुतेक जर्मन बॉम्बफेकी पथके पूर्वेकडे हलवण्यात आली आणि ब्रिटनवरील रात्रीचे मोठे हल्ले ओसरले.