आयर्लंडमधील प्रमाण वेळ

आयर्लंडमधील प्रमाण वेळ : डब्लिननजीकची डन्सिंक वेधशाळा ग्रिनिचच्या पश्चिमेस सु. ६° २०′ रेखांशावर असल्याने तेथील माध्य वेळ ग्रिनिच माध्य वेळेच्या २५ मिनिटे २१ सेकंद मागे असते. १८८० च्या ब्रिटिश अधिनियमाने ग्रेट ब्रिटनसाठी ग्रिनिच वेळ व आयर्लंडसाठी डब्लिन वेळ विधिमान्य केली. त्यामुळे लंडनहून दुपारी बाराला निघालेली तार डब्लिनच्या घड्याळानुसार बारा वाजण्यापूर्वीच पोहोचू शके. व्यापार व जलवाहतूक यांना हा फरक गैरसोयीचा होता.

पहिल्या महायुद्धात इंधनबचतीसाठी २१ मे १९१६ पासून दोन्ही बेटांवर उन्हाळी वेळ सुरू झाली. तिच्या समाप्तीचा मुहूर्त साधून १ ऑक्टोबर १९१६ रोजी डब्लिन वेळ रद्द करण्यात आली. त्या दिवशी ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास मागे गेली, आयर्लंडमध्ये मात्र केवळ ३४ मिनिटे ३९ सेकंद. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये डब्लिनमधील ईस्टर उठाव मोडून काढण्यात आला होता. साहजिकच सोयीसाठी केलेला हा बदल अनेक राष्ट्रवाद्यांना परकी वेळ लादण्याचा प्रकार वाटला. तथापि १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश फ्री स्टेटने डब्लिन वेळ पुनरुज्जीवित केली नाही. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच राहिले होते व वेळ बदलती, तर नव्या सरहद्दीवर घड्याळांचीही सरहद्द उभी राहिली असती.

ती दुसऱ्या महायुद्धात काही काळ उभी राहिलीच. दक्षिणेत १९४० ते १९४६ उन्हाळी वेळ अखंड चालू होती. उत्तरेत १९४१–४५ मध्ये ब्रिटनची दुहेरी उन्हाळी वेळ असल्याने उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे असत.

१९६८ मध्ये ब्रिटनच्या पाठोपाठ आयर्लंडने ग्रिनिचच्या एक तास पुढील वेळ वर्षभरासाठी प्रमाण मानली. परंतु डिसेंबरात डब्लिनचा सूर्योदय साडेनऊनंतर होऊ लागला. ब्रिटनने १९७१ मध्ये हा प्रयोग सोडताच आयर्लंडनेही हिवाळ्यात घड्याळे मागे घेण्याची तरतूद केली. मूळ अधिनियम मात्र कायम ठेवला. परिणामी कायद्याच्या दृष्टीने येथे उन्हाळ्यातील वेळ ही प्रमाण असून हिवाळ्यातील वेळ हा अपवाद आहे. अन्य यूरोपीय देशांत याच्या उलट स्थिती आढळते. नित्य व्यवहारात याने काहीच फरक पडत नाही.

यूरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये ऋतुमानानुसार घड्याळे बदलण्याची पद्धत बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. ब्रिटन यूरोपीय संघाबाहेर पडण्याच्या मार्गावर होते. एका बेटावर दोन वेळा नांदण्याच्या शक्यतेमुळे आयर्लंड सरकारने त्याच वर्षी या प्रस्तावास विरोध करण्याचे ठरविले. २०२१ मध्ये अपेक्षित असलेला हा बदल त्या वर्षी अंमलात आला नाही.